त्रेसष्ट इंची पलंग

मी एक जुना पलंग आहे, मित्रांनो, आणि बारा इंचांनी खोटा आहे. इतर पलंगांची लांबी पंचाहत्तर इंच असते. माझी त्रेसष्ट आहे. या खोटेपणाची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्यालाच झाली. ती कशी, ते सांगायला बसलो आहे.

शहराला खेटून असलेल्या एका उपनगरात इमारत उभी राहत होती. पाया जेमतेम भरून झाला, तोच पुढे विक्रीचं ऑफिस थाटलं आणि मागे नमुन्याचं घर सजवलं. लोकांनी ते बघायचं आणि अजून न बांधलेल्या घरासाठी सही करायची, अशी पद्धत. त्या नमुन्याच्या घरासाठी माझा जन्म झाला.

सुताराने कागदावरचं माप दोनदा वाचलं. "साहेब, आकडा चुकला वाटतं. यावर माणूस झोपायचा कसा?"

"झोपायचं कुणाला आहे?" सजावट करणारा म्हणाला. "फक्त बघायचं आहे."

सुताराने मान हलवली आणि करवत उचलली. मला पायथ्याशी उंच, कोरीव फळी लावली. उशासुद्धा माझ्या बेताच्या शिवून घेतल्या. शेजारचं कपाट, टेबल, खुर्ची, सगळी मंडळी जरा जरा खुजी. खुज्यांच्या घोळक्यात कोण खुजा हे ओळखणार कसं? येणारा प्रत्येकजण दारातच थबकायचा आणि म्हणायचा, "अरे वा, खोली चांगली ऐसपैस आहे!" खरं सांगतो, मित्रांनो, मी त्या कौतुकाने फुगलो होतो. आपल्यामुळे खोली मोठी दिसते म्हणजे आपणच मोठे, असं मला वाटायचं. लाज वाटते आता.

एके दिवशी तिघं आली. कपडे शिवणारी एक बाई, तिला सगळे टेलरताई म्हणत. तिचा नवरा बस चालवायचा. आणि चाकाच्या खुर्चीत तिचे सासरे. सासरे सहा फूट उंच, टपाल खात्यात चाळीस वर्षं पायी पत्रं वाटलेले. घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं होतं, पण पुन्हा उभं राहायला तीनेक वर्षं लागतील असं डॉक्टर म्हणाले होते. राहती भाड्याची जागा मालकाला दोन वर्षांत परत हवी होती. लांब गेलं तर स्वस्तात मोठं घर मिळत होतं, पण लांब गेलं की ताईची गिऱ्हाइकं तुटणार, नवऱ्याचा डेपो तुटणार आणि बाबांचा दवाखानाही. म्हणून या उपनगरातच, मिळेल ते, असं तिघांनी ठरवलं होतं.

टेलरताईच्या नजरेचा तिला फार अभिमान. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिने त्याची छाती आणि कंबर मनात मोजलेली असायची. गळ्यात टेप होती, पण तिने ती काढली नाही. माझ्या पायथ्यापासून भिंतीपर्यंत एक नजर टाकली.

"सत्तावीस इंच. खुर्ची पंचवीसची. बाबा, तुम्ही आपले आपण न्हाणीघरापर्यंत जाल, बघा."

"कुणाला हाक मारायला नको," सासरे म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. मग ते माझ्याकडे वळले. "दमलो गं. जरा पाठ टेकू का इथे?"

मित्रांनो, तो माझा एकमेव क्षण होता. ते आडवे झाले असते तर त्यांचे पाय फळीवर आपटले असते आणि माझं सोंग तिथेच उघडं पडलं असतं. टेका, बाबा, टेका, असं मी लाकडाच्या रेषारेषांतून ओरडत होतो.

"नको हो बाबा," ताई हळूच म्हणाली. "चादर चुरगळेल. काय म्हणतील ही माणसं!"

भिडस्त माणसं ती. त्यांनी चादर जपली आणि सही केली.

दोन वर्षांनी घराचा ताबा मिळाला. नमुन्याचं घर मोडायला काढलं होतं. ताईला मी आवडलो होतो हे विक्रीवाल्यांच्या लक्षात होतं. त्यांनी मला फुकट देऊन टाकलं, त्यांचाही ताप गेला. आतल्या खोलीत आधी बाबांचा जुना, पुऱ्या मापाचा पलंग लावून बघितला. खुर्ची पायथ्याशीच अडकली. आडवा टाकला तर न्हाणीघराचं दार उघडेना. बाहेरची खोली शिलाई मशीन आणि कापायच्या टेबलानेच भरली होती, आणि जमिनीवर निजवलं तर बाबांना उठता आलं नसतं. मग मला लावलं. खुर्ची सुळकन गेली.

"बघा! सत्तावीस इंच! माझी नजर चुकते का कधी?" ताई टाळी वाजवून हसली.

नवऱ्याने बाबांना माझ्यावर निजवलं. त्यांचे पाय फळीला लागले. ते वर सरकले, डोकं भिंतीला लागलं. शेवटी त्यांनी गुडघे पोटाशी घेतले.

ताईचं हसू तोंडातल्या तोंडात विरलं. तिने गळ्यातली टेप काढून माझ्यावर धरली. त्रेसष्ट. पुन्हा धरली. त्रेसष्ट. मग ती माझ्या कडेला टेकली. जागा तिने बरोबर मोजली होती. पलंग पलंगाएवढा असतो, एवढंच तिने गृहीत धरलं होतं.

नवरा म्हणाला, "अगं, सोपं आहे. ही पायथ्याची फळी कापू. निजताना पुढे स्टूल लावायचं, उठताना काढायचं."

"हात लावायचा नाही!" ताई कडाडली. "हाच तर पुरावा आहे. मी तक्रार करणार. हा असाच्या असा दाखवणार. मोठं घर देतील नाहीतर पैसे परत देतील."

तक्रारींच्या कचेरीतला कारकूनही तेच म्हणाला. "पलंग आहे तसा ठेवा, ताई. मोजायला माणूस येईल."

माणूस येईना. तारखा पडत गेल्या. बाबा रोज पाय दुमडून निजायचे. व्यायाम घ्यायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तीनदा बजावलं, "गुडघे आखडत चाललेत. पाय सरळ ठेवून निजले नाहीत तर हे उभे राहणार नाहीत."

नवऱ्याने करवत आणली. ताईने ती हिसकावून माळ्यावर टाकली. "एकच तारीख हो, एकच! आज कापलं तर सगळं घालवून बसू."

"राहू दे रे," बाबा मुलाला म्हणाले. "पोरीची बाजू पडायला नको. मला कुठे पत्रं वाटायला जायचंय?"

त्यांचे गुडघे थरथरायचे, ते मला कळायचं. सून मला जपत होती, पुसत होती, कुणाला माझ्यावर ओरखडाही काढू देत नव्हती. इतकी काळजी माझी आयुष्यात कुणी घेतली नव्हती. आणि मी खाली पडल्या पडल्या म्हणत होतो, अरे, मला तोडा रे कुणीतरी.

आठव्या महिन्यात माणूस आला. टेप लावून म्हणाला, "त्रेसष्ट. बरोबर आहे तुमचं." ताईचा जीव भांड्यात पडला. तिने त्याला दोनदा चहा पाजला. महिन्याने पत्र आलं. पलंग हा घराचा भाग नाही. करारातलं खोलीचं माप आणि प्रत्यक्ष माप एकच आहे. तक्रार निकाली.

ताईने पत्र वाचलं, घडी घातली आणि माळ्यावर चढून करवत काढली. भर दुपारची वेळ. नवरा कामावर होता. बाबांना खुर्चीत बसवून तिने एकटीने माझी पायथ्याची फळी कापली. दोन्ही हातांना फोड आले. पुढे स्टूल ठेवलं, त्यावर उशी ठेवली आणि बाबांना धरून निजवलं.

"झाली जागा, बाबा. करा आता पाय लांब."

बाबांनी जोर लावला. गुडघे तसेच उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी ते खाली दाबले.

"करतो हं. सवय झालीय ना, वेळ लागतो जरा."

ताईने हलकेच गुडघा दाबला. बाबांनी ओठ चावला, पण कण्हणं बाहेर पडलंच. तिने हात काढून घेतला.

"बाबा, मी पलंग सांभाळत बसले हो," ती म्हणाली आणि माझ्या उघड्या, खरबरीत कडेवर कपाळ ठेवून हमसून हमसून रडली.

आता ती रोज त्या गुडघ्यांना तेल चोळते. डॉक्टरीणबाई येतात, गुडघा किती सरळ होतो ते मोजतात, वहीत लिहितात. स्टूल रोज लावलं जातं. बाबांची टाच अजून त्या उशीपर्यंत पोचलेली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी सांगतात की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. शोभा म्हणून किंवा पुरावा म्हणून आम्हाला जपताना घरातलं माणूस आखडत असेल, तर आम्हाला बिनदिक्कत कापा. आम्ही लाकूड आहोत, आम्हाला दुखत नाही. पण ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी कापा.