पाटावरचा माउस

आषाढी एकादशीला सावित्रीबाईंनी चातुर्मासाचा नेम धरला. चार महिने खुर्ची नाही, पलंग नाही, बसणं-झोपणं सगळं जमिनीवर. नेम दरवर्षी काहीतरी असायचाच, पण यंदा घरात कॉम्प्युटर होता. ज्ञानेशने अमेरिकेला जाताना तो टेबलावर बसवून दिला होता आणि रविवारी सकाळी त्यातूनच तो आईला भेटायचा. बरोबर सृष्टी असायची, नात, नाक कॅमेऱ्याला टेकवून "आजी" म्हणणारी. फोनवर ती कधी बोलत नसे. एकदा "हं" म्हणायची आणि रिसीव्हर बापाकडे. त्यामुळे गंगापूर रोडच्या त्या दोन खोल्यांत सगळा आठवडा रविवारच्या ओढीनेच पुढे सरकायचा.

कॉम्प्युटरचा पडदा खाली कलवता आला, कॅमेऱ्यालाही मान खाली घालायला लावली, पण माउसची वायर काही जमिनीपर्यंत पोचेना. उभ्याने बोलावं तर गुडघे बोलायला लागत.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातला राकेश बिनवायरचा माउस घेऊन आला. नखाएवढा एक तुकडा त्याने कॉम्प्युटरला मागे खोचला.

"स्वस्तातला आहे काकू, आधीच सांगतो. आठवडाभर वापरून बघा. पटला तर ठेवा, नाहीतर मी घेऊन जाईन."

"वायर नसताना याला कळणार कसं रे, मी काय सांगतेय ते?"

"तुमच्या देवाला कुठे वायर आहे?"

"चहाटळ मेला!" म्हणत त्या हसल्या.

माउस चटईवर अडखळला, गुळगुळीत फरशीवर भरकटला, पाटावर मात्र शहाण्यासारखा चालला. बटण टक्क वाजायचं, पण हाताला हलका होता. जरा वेळ हात लावला नाही की पेंगायचा आणि टिचकी मारली की जागा व्हायचा.

"मी पोथी वाचतेय तोवर झोपलास होय?" त्या म्हणाल्या. आपण कुणाशी बोललो ते लक्षात येऊन ओशाळल्या. मग इकडेतिकडे बघून हळूच पुन्हा बोलल्या.

शनिवारी त्यांनी राकेशला फोन केला. "ठेवते रे. गुणी आहे."

ठेवायचा म्हणजे तो आता घरचा झाला, आणि घरच्या नव्या वस्तूला हळदकुंकू नको? पाठीवर लावावं तर हाताने पुसलं जाणार. पोटाशी लाल दिवा लुकलुकत होता. दिवा तिथे कुंकू, एवढं त्यांना लहानपणापासून ठाऊक. ओलं बोट त्यांनी तिथेच टेकवलं आणि हात जोडले.

रविवारी कॉम्प्युटर वाजू लागला. सावित्रीबाईंनी माउस सरकवला. पडद्यावरचा बाण हलेना. सेल बदलले, तरी हलेना. वाजणं चालूच. टेबलावर जुना माउस होता, समोर खुर्ची होती. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात गेलासुद्धा. पण त्या बसल्या नाहीत. टेबलाला रेलून उभ्या राहिल्या आणि जुन्या माउसचं बटण दाबलं.

"आजी, कुठे आहेस? मला नुसता पाट दिसतोय!"

त्या पुढे सरकल्या.

"आता साडी!" सृष्टी खिदळली.

कॅमेरा नीट करायला गेल्या, तर तो कलंडला. "आता पंखा!"

"आई, आधी बस की," ज्ञानेश म्हणाला.

"खुर्ची सोडलीय रे. चातुर्मास आहे."

"देव काय खुर्च्या मोजत बसलाय?" मग त्याचा आवाज उतरला. "राहू दे हे. पुढच्या रविवारपासून फोनच करतो. तुझ्या गुडघ्यांना तरी त्रास नको."

"त्रास कसला," त्या म्हणाल्या, पण इतक्या हळू की तिकडे पोचलंच नसावं. त्याची बायको दीपमाला मागून निघायची घाई करत होती. कुणाकडे तरी जेवायला जायचं होतं. पडदा रिकामा झाला.

गुडघे धरत सावित्रीबाई चटईवर बसल्या. माउस हातात घेऊन उलटा केला. दिव्याच्या खाचेत कुंकू घट्ट वाळून बसलं होतं.

"अगं बाई! मीच की गं!"

देवघरातली कोरडी वात आणून त्यांनी खाच पुसली. पाटावर ठेवताच बाण सरकला, अगदी ज्ञानेशच्या नावापर्यंत. त्यांनी स्वतःहून त्याला कधी बोलावलं नव्हतं. कामात असतील, झोपले असतील, पाहुणे असतील. त्यांनी कॅमेरा खाली वळवला, पदर सारखा केला आणि बटण दाबलं.

बरंच वाजल्यावर ज्ञानेश आला, अंगात कोट. "काय झालं आई? बरी आहेस ना?"

"बरी आहे. बघ, बसलेय."

"हो, दिसतेस."

"माउस चांगला आहे रे. मीच त्याच्या दिव्याला कुंकू लावलं."

तो हसला. "आई, आम्ही दारातच आहोत गं."

"जा, जा. पण फोन नको करूस. इथेच ये."

"बरं. इथेच येतो."

"सृष्टी?"

"ती गाडीत जाऊन बसली."

"असू दे," सावित्रीबाई म्हणाल्या. बंद करायला त्याचा हात माउसकडे निघालेला त्यांना दिसला. त्याला दाबावं लागू नये म्हणून त्यांनीच आधी बटण दाबलं.