बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी

वाइनच्या त्या दुकानात प्रत्येक बाटलीच्या गळ्यात शिफारशीची चिठ्ठी बांधायची पद्धत होती, आणि चिठ्ठ्या लिहायचा मान मालकिणीच्या थोरल्या भावाचा. ‘ओल्या दगडाचा गंध, जुन्या चामड्याची चव’ असलं काहीतरी तो खरडायचा. गिऱ्हाईक ते वाचायचं आणि मुकाट्याने बिअर घेऊन जायचं. पदरचे पैसे मोडून चप्पल कोण चाटणार?

शेवटी मालकिणीचं डोकं फिरलं. रविवारी तिने भावाला जेवायला बोलावलं आणि दुकानातली सगळ्यात स्वस्त लाल वाइन पुढ्यात ठेवली. शेजारी त्याची लाडकी महागडीही होती.

पहिल्याच घोटाला दादाने नाक मुरडलं. “सरबत आहे हे!”

मग खात्री करायला त्याने आणखी एक ग्लास भरला. “छे, चवीला खोली म्हणून नाही!” म्हणत आणखी एक. जेवणं आटोपली तेव्हा महागडीचं बूच जागचं हललं नव्हतं.

सोमवारी स्वस्त बाटल्यांच्या गळ्यात नवी चिठ्ठी झळकली: ‘जाणकाराने नावं ठेवत ठेवत अख्खी संपवली.’ संध्याकाळपर्यंत फळीवर एकच बाटली उरली.

दादा तणतणत आला, तिच्या गळ्यातली चिठ्ठी टराटरा फाडली आणि बाटली काखोटीला मारून चालता झाला.