सातव्या पानावरचे मानकरी

सहाव्या पानापर्यंत सगळं सुरळीत होतं. मिरवणुकीचा मार्ग, दारूकामाची वेळ, पाद्रींचा संदेश, यंदाचा यजमान सेनोबियो याचा मिशीसकट मोठा फोटो, सगळं जागच्या जागी. सातवं पान उघडलं की माझं मशीन हँग. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि मी माऊसला शिव्या घालत राहायचे.

आमच्या गावात देवमातेच्या जत्रेला एकेका गोष्टीचा एकेक मानकरी असतो. बँडचा वेगळा, दारूकामाचा वेगळा, फुलांचा, पावाचा, मेणबत्त्यांचा. ज्याने जे दिलं त्याखाली त्याचा फोटो पुस्तिकेत आलाच पाहिजे. नाही आला तर माणूस रुसतो, आणि आमच्याकडचा रुसवा नातवंडांपर्यंत टिकतो. पुस्तिका छापून झाली की यजमान बँड घेऊन घरोघर जातो, दारात नाव पुकारतो आणि ज्याची त्याची प्रत ज्याच्या त्याच्या हातात देतो. बँड त्या दिवशी पाचला चौकात येणार होता. अकरा वाजले होते आणि माझ्याकडे अर्धीच पुस्तिका होती.

सेनोबियो सकाळपासून माझ्या छापखान्यात ठाण मांडून बसला होता. माझ्या लेकीच्या जावळाची पहिली बट त्याने कापली, तेव्हापासून आम्ही कोंपाद्रे आणि कोमाद्रे, म्हणजे मानलेले व्याही-विहीण. या नात्यात भांडताही येत नाही आणि हाकलताही येत नाही.

"कोमाद्रे, एक वाजेपर्यंत वाट बघतो," तो म्हणाला. "नाहीतर ही फाईल घेऊन वांकायो शहरात जातो. तिथे मोठे छापखाने आहेत, चुटकीसरशी करून देतात."

"जा की. तिथे तुमच्या मिशीला काळा रंग कोण लावून देणार?"

बोलले खरी, पण हे काम मला जाऊ द्यायचं नव्हतं. ही पुस्तिका पंधरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने, अबेलार्दोने, सुरू केली. पहिल्या वर्षीची फाईल त्यानेच बनवली आणि दर वर्षी तीच उघडून आम्ही पुढे काम करत आलो. तो जाऊन सहा वर्षं झाली. शहरात एकदा गेलेलं काम गावात परत येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. लग्नपत्रिका अशाच गेल्या. ही पुस्तिकाही गेली असती तर छापखान्यात अबेलार्दोचं म्हणून काहीच उरलं नसतं.

मी मशीन चार वेळा बंद करून चालू केलं. झाकण उघडून धूळ फुंकली, ती सगळी सेनोबियोच्या कोटावर गेली. नको ते फॉन्ट काढले. हवे तेही काढले. सेनोबियोने सुचवलं म्हणून रेडिओसुद्धा बंद केला. सातव्या पानावर यंदा मला एकच काम होतं. मेणबत्त्यांचा मानकरी फेलिसियानो याने ऐन वेळी अंग काढून घेतलं होतं, तेव्हा त्याच्या गेल्या वर्षीच्या फोटोवर पांढरा चौकोन ठेवून जागा तात्पुरती कोरी करायची होती. चौकोन ठेवायला गेलं, की चक्र फिरायला लागायचं.

साडेअकराला सेनोबियो उठून गेला. सुटले म्हणेपर्यंत परत आला, बगलेत काळा गिनीपिग घेऊन.

"नाही हं, कोंपाद्रे!"

"माणसाचं दुखणं कळतं, मग मशीनचं का नाही कळणार?"

आमच्याकडे आजार कळेनासा झाला की काळा गिनीपिग आजाऱ्याच्या अंगावरून फिरवतात. दुखणं ओढून घेऊन तो मरतो, मग त्याचं पोट उघडून बघायचं. सेनोबियोची आजी यात नावाजलेली होती. नातवाने डोळे मिटले, पुटपुटत जनावर मशीनवरून, पडद्यावरून, वायरींवरून फिरवलं. जनावर मेलं बिलं नाही. माझ्या कीबोर्डवर मुतलं मात्र.

"चांगली खूण आहे," सेनोबियो गंभीरपणे म्हणाला. "दुखणं मरणाचं नाही. पोटात जुनं काहीतरी साचलंय."

"साचलं नव्हतं, आता साचलंय!" मी कीबोर्ड उलटा करत ओरडले.

शेवटी मान खाली घालून मी ओदिलियाबाईंना बोलावणं पाठवलं. त्यांनी तीस वर्षं गावाच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर, कंटाळा आला म्हणून, कॉम्प्युटर शिकल्या. मला त्यांनी दोनदा नापास केलंय. त्या आल्या, कोरड्या कीबोर्डची मागणी केली, वासाबद्दल काही विचारलं नाही, आणि सातव्या पानावर शांतपणे वाट बघत बसल्या. दहा मिनिटांनी पान उघडलं. त्यांनी फेलिसियानोचा फोटो माऊसने धरून बाजूला ओढला.

खाली पांढरा चौकोन होता. तो ओढला. खाली त्याच्या आदल्या वर्षीचा मानकरी निघाला. त्याच्याखाली चौकोन. त्याखाली आणखी एक जण, हसऱ्या चेहऱ्याचा.

"क्लोरिन्दा, हे काय आहे?"

"झाकलंय, बाई."

"पुसायचं सोडून झाकलंस?"

"पुसू कशी? देवमातेच्या पानावर एकदा चढवलेला माणूस खाली उतरवायचा? दुसऱ्या वर्षी पाववाल्या हिलारियोला पुसला होता मी. महिन्याभरात गेला बिचारा!"

"हिलारियो पंच्याण्णव वर्षांचा होता."

"पण ठणठणीत होता!"

बाईंनी चष्मा काढला. मला तिसरीचा वर्ग आठवला. "पुसलेला एक गेला. झाकलेल्यांतले किती गेले?"

मी ओला कीबोर्ड पुसायला घेतला.

"नऊ," सेनोबियोने माझ्या वतीने सांगून टाकलं.

"म्हणजे पंधरा वर्षांचे चाळीस-चाळीस मानकरी या एका फाईलमध्ये एकमेकांच्या डोक्यावर बसलेत. तेही पूर्ण आकाराच्या फोटोंसकट. हे मशीन हँग होत नाहीये, क्लोरिन्दा. ते दमलंय."

"मी म्हटलं होतं! पोटात जुनं साचलंय म्हणून!" सेनोबियोने गिनीपिगचा मुकाच घेतला.

"नवी फाईल करू," बाई म्हणाल्या. "फक्त यंदाचे घ्यायचे. जुनी टाकून दे."

"जुनी नाही टाकायची."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि मेणबत्त्यांच्या जागेवरचे चौकोन आणि चेहरे पुन्हा एकेक करून बाजूला सारायला लागल्या. मी त्यांना थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. सगळ्यात तळाशी, पहिल्या वर्षीचा मेणबत्त्यांचा मानकरी होता. डोळे अर्धवट मिटलेले, नाक वर चढलेलं. फ्लॅश पडला की अबेलार्दोला हमखास शिंक यायची.

दर वर्षी मी हे काम सुरू करण्याआधी असंच करायचे. सगळ्यांना बाजूला सारायचे, त्याला बघायचे आणि पुन्हा सगळ्यांना त्याच्यावर रचून ठेवायचे. घरात त्याचे चांगले फोटो आहेत. पण शिंकेच्या बेतातला हा एकच.

सेनोबियोने टोपी काढली. मग घसा खाकरून म्हणाला, "कोमाद्रे, मेणबत्त्यांची जागा तशीही रिकामीच आहे."

"मेणबत्त्या मी देते," मी म्हटलं. "त्याच्या नावाने."

"वरच राहू दे त्याला," बाई म्हणाल्या. "नवी फाईल आहे, आता कोणी कोणाच्या डोक्यावर बसणार नाही. आणि जुनी या फोल्डरमध्ये वेगळी ठेवलीय, तिला हात लावायचा नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नवी करायची. कळलं?"

"हो, बाई."

"काय कळलं?"

मला अक्षरशः सगळं परत म्हणून दाखवावं लागलं.

सव्वादोनला छपाई सुरू झाली. एक वाजून गेल्याचा विषय सेनोबियोने काढला नाही. साडेचारला पुस्तिकांचे गठ्ठे घेऊन तो गेला आणि मी शाईचे हात धुवून घरी आले. पाचला चौकात बँड वाजायला लागला. आवाज एकेका दारात थांबत होता, नाव पुकारलं जात होतं, टाळ्या, मग पुन्हा वाजंत्री पुढे. मी बटाटे सोलत ऐकत होते. आमच्या गल्लीत यंदा हयात मानकरी कोणी नव्हता, त्यामुळे आवाज वळून जवळ यायला लागला तेव्हा मला वाटलं, हा सेनोबियो बँडसकट रस्ता चुकला.

दारावर थाप पडली. बाहेर ट्रम्पेटवाले, ढोलवाला, आणि त्यांच्या पुढे कोटावरची धूळ झटकलेला सेनोबियो. तो माझ्याकडे न बघता, रीतीप्रमाणे, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"मेणबत्त्यांचे मानकरी, कोंपाद्रे अबेलार्दो घरी आहेत का?"

बँड थांबला. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"आहेत," मी म्हटलं.

पुस्तिका मीच छापली होती. तरी बटाट्याचे हात एप्रनला पुसून मी ती दोन्ही हातांनी घेतली.