मल्लम्माच्या मागातली बाळंतीण

होळी झाली की मुरुमजवळच्या त्या सरकारी घोंगडी केंद्रात माणसांपेक्षा जनावरांचाच कारभार जास्त चाले. फाल्गुनात मेंढ्यांची कातरणी व्हायची, लोकरीचे ढीग ओसरीवर पडायचे आणि चिमण्यांना वाटायचं, हे सगळं सरकारनं आपल्या घरट्यांसाठीच पाठवलंय. खारी तर ढिगातून तोंड भरभरून लोकर न्यायच्या. वानरं चिंचेवरून थेट कौलांवर उतरायची. अंगणात उभ्या सुताचा ताणा पसरून त्याला चिंचोक्याची खळ लावावी, तर ती सुकायच्या आत कुठली तरी शेळी येऊन मनसोक्त चाटून जायची. बाकीचे विणकर हसून सोडून द्यायचे. हंगामच हाय तो, म्हणायचे. मल्लम्माला मात्र यंदा त्यातलं काहीएक गोड लागत नव्हतं. पळस फुलो नाही तर कडुलिंब मोहरो, तिच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती, मागावरचं अपुरं घोंगडं.

केंद्रात चार माग होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकरानं काठावर बसायचं, पायाखाली पावड्या दाबायच्या आणि हातानं धोटा फेकायचा. तिसरा माग मल्लम्माच्या नवऱ्याचा, बंडप्पाचा. दिवाळीच्या तोंडावर तो तापानं गेला आणि माग रिकामा झाला. केंद्राचे उस्ताद वीरप्पा; त्यांनी तो माग मनातल्या मनात पुतण्याला, सिदूला, देऊनही टाकला होता. तेवढ्यात मल्लम्मानं तोंड उघडलं. माग मला द्या, म्हणाली.

आता बाईनं काय करायचं, हे तिथं ठरलेलं होतं. लोकर पिंजायची, सूत कातायचं, ते धोट्याच्या कांड्यांवर भरायचं, खळ शिजवायची. मागावर बसायचं ते बाप्यानं. बंडप्पाचा खोकला बळावल्यापासून घरचा जुना माग मोडेपर्यंत त्यावर दार लोटून मल्लम्माच विणत होती, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बंडप्पाच्या विणीचं एवढं कौतुक झालंही नसतं. संक्रांतीला केंद्राची तपासणी करणारे वरचे अधिकारी, मोहतमीम साहेब, आले, तेव्हा हा वाद त्यांच्या कानावर गेला. साहेब म्हणाले, पाडवा झाला की मी पुन्हा येतो. तोवर बाईनं त्या मागावर एक घोंगडं पुरं विणून दाखवावं. दाखवलं तर माग तिचा, नाही तर सिदूचा.

एक घोंगडं म्हणजे काही डोंगर नव्हे. पण वीरप्पांनी लोकर देताना हात असा आखडला, की कातरणी होईस्तोवर तिला मूठभर लोकर मिळाली नाही. मिळाली ती चिमण्यांनी उष्टावलेली. पहिला ताणा शेळीनं चाटून बिघडवला. दुसऱ्यावर वानराचं पिल्लू आडवं पडलं आणि त्याला सोडवायला त्याचं सगळं गणगोत धावून आलं. नंतर आढ्याला मोहोळ लागलं, माश्या जाईपर्यंत सगळे माग बंद. रोज कुणाला तरी पिल्लं होत होती, कुणी तरी घर बांधत होतं आणि त्या सगळ्यांना जागा हवी होती ती मल्लम्माचीच. तरीही ती विणत राहिली. पाडवा झाला आणि शेवटी एका दिवसाचं काम उरलं. साहेबांना यायला अजून आठवडाभर अवकाश होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून ती मागाशी आली, तर खड्ड्यात केंद्रावरची काळी कुत्री व्यालेली. पावड्यांवर अंग टाकून पडली होती आणि पोटाशी चार पिल्लं चुळबुळत होती.

"उस्ताद," मल्लम्मानं हाक मारली, "हिला उचलायला टोपली द्या."

वीरप्पांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला.

"उचलायची?" ते म्हणाले. "बाळंतीण हाय ती. मागाच्या खड्ड्यात व्यालेलं जनावर बारा दिस हालवायचं न्हाय. आपल्यात रीत हाय."

"बारा दिस? साहेब त्याच्या आत येतेत की."

"मग काय करावं म्हन्तीस? आपल्या हातात हाय का ते?"

सिदू पलीकडं उभा होता. तो मिशीवरून हात फिरवत राहिला. मल्लम्माला त्याच्यापेक्षा त्या मिशीचाच जास्त राग आला.

रीत खोटी नव्हती, हीच तर पंचाईत होती. बंडप्पाच्या मागात एकदा मांजर व्यालं होतं, तेव्हा तो बारा दिवस ओसरीवर बसून राहिला होता. आणि तेव्हा मल्लम्मानंच त्या मांजरीला दूध घातलं होतं. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणायचं?

ती शेजारच्या मागावरच्या ईरण्णाकडं गेली. दुपारी तो भाकरीला उठला की तेवढ्यापुरता माग दे, ताणा तिकडं जोडून घेते, म्हणाली. ईरण्णा भला माणूस. त्यानं मान खाली घातली.

"तसं माझं काय न्हाय, मल्लम्माकाकू. पर माझ्या मागावर बाईमानूस बसलं म्हणून उद्या माझं सूत तुटलं तर?"

"आन् तुटलं न्हाय तर?"

तो भाकरी सोडायला लागला.

मग तिनं खड्ड्याच्या काठावर मांडी घालून विणायचा प्रयत्न केला. पावड्या पायानं दाबता येईनात, म्हणून दोऱ्या बांधून हातानं ओढून पाहिल्या. पावडी हलली की कुत्री गुरगुरायची. एकदा तर तिनं उसळून मल्लम्माच्या पोटरीला दात लावले. रक्त नाही आलं, पण लुगडं फाटलं. दिवसभराच्या खटाटोपातून चार बोटं वीण निघाली, तीही वाकडी. मल्लम्मानं ती स्वतःच उसवून टाकली.

इकडं कुत्रीची मात्र बडदास्त चालली होती. वीरप्पांची बायको उमाबाई रोज तिच्यासाठी दुधात भाकरी कुस्करून आणायची. ईरण्णानं खड्ड्यात मऊ कडबा पसरला. सिदूनं तर ऊन लागू नये म्हणून खिडकीला पोतं लावलं. त्याला इतकी भूतदया कधी आली होती, कुणास ठाऊक. सगळे येता-जाता वाकून बघत, पिल्लांचे डोळे उघडले का, विचारत. मल्लम्मा शेजारी रिकाम्या हातानं बसलेली कुणाला दिसत नव्हती. पाणी तेवढं तीच पाजायची, कारण बाकीचे घरी गेले तरी तिचा पाय तिथून निघत नसे. दोनदा तिनं पिल्लं उचलायला हात घातला. ते ऊबदार, मिटल्या डोळ्यांचं गाठोडं हाताला लागलं, की हात आपोआप मागं यायचा. त्याची तिला इतकी चीड यायची, की ती उठून अंगणातल्या चिमण्यांना खडे मारायची. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी सकाळी ती ओढ्यावर लोकर धुवायला गेली होती. ओल्या लोकरीची पाटी डोक्यावर घेऊन परतली, तर कुत्री अंगणात इकडून तिकडं सैरभैर फिरत होती. ओसरीवर टोपलीत पिल्लं कुईकुई करत होती. खड्डा झाडून लख्ख केलेला. काठावर सिदू बसला होता, आणि त्याच्या हातात तिचा ताणा कापायला घेतलेली कात्री होती.

"हे काय?" मल्लम्मानं पाटी खाली टाकली.

वीरप्पा लगबगीनं पुढं आले. "सांगावा आलाय. साहेब उमरग्याला आलेत, दुपारच्याला हितं येतेत. माग साफ दिसाय पायजे का न्हाय? तुझं तर काय पुरं झालं न्हाय. मग सिदूचा ताणा चढवून ठेवावा म्हटलं."

"बारा दिस झाले?"

"अगं, मुकं जनावर ते. त्याला काय कळतंय दिसांचं?"

मल्लम्माला आधी कोरडं हसूच आलं. गेला आठवडाभर जी रीत डोंगराएवढी होती, ती सिदूला बसायची वेळ येताच चुटकीसरशी उडाली होती. आणि आपण ती डोक्यावर घेऊन बसलो, एका मुक्या जनावराला पाणी पाजत.

"माझी पोरगी झाली तवा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मुळीच चढला नाही, "पाचव्या दिशी केंद्राचा चरखा माझ्या बाजंपाशी आला. सूत कमी पडतंय म्हणून. उमाक्का, तुमीच आणून ठेवलावता. अंग धरवत नव्हतं मला. तवा कुठं गेलती तुमची रीत?"

उमाबाई टोपलीपाशी उभी होती. वीरप्पा म्हणाले, "आता ते जुनं कशाला काढतीस?"

"काढत न्हाय. ऊठ रे सिदू. बाळंतीण उठली, आता म्या बसते."

सिदूनं काकांकडं पाहिलं. काका बाहेर रस्त्याकडं पाहत होते. मल्लम्मानं त्याच्या हातातली कात्री काढून घेतली, खड्ड्यात पाय सोडले आणि धोटा उचलला. सिदू बाजूला झाला. पहिल्या फेकीलाच तिच्या ध्यानात आलं, की धोट्यातली कांडी रिकामी आहे. भरलेल्या कांड्या झाडलोटीत कुठं तरी गेल्या होत्या. आता उठून सूत भरत बसलं तर दुपार गाठणं शक्यच नव्हतं. तिनं धोटा मांडीवर आपटला. रडू येईल असं तिला वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला.

तेवढ्यात शेजारी चरख्याची घरघर सुरू झाली. उमाबाई खाली बसून कांडी भरत होती. मल्लम्माकडं न पाहता तिनं भरलेली कांडी पुढं केली आणि लगेच दुसरी लावली.

"उमे," वीरप्पा दारातून म्हणाले, "अगं, काय करायलीस?"

"सूत कमी पडतंय," उमाबाई म्हणाली.

पावडी, धोटा, फणीचा ठोका. घोड्याच्या टापांचा आवाज आला आणि साहेब अंगणात उतरले, तेव्हा वीतभर वीण राहिली होती. वीरप्पा पुढं होऊन काहीतरी सांगायला लागले, पण आतून उमाबाईचा आवाज आला.

"साहेबांना बाहेर बाज टाका आन् चहा द्या. आत काम चालू हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण उमाबाईनं नवऱ्याला चारचौघांत कामाला लावलं ते पहिल्यांदाच. वीरप्पांनी बाज टाकली. साहेबांनी चहा घेतला, दुसरा कपही घेतला आणि आतले ठोके ऐकत ते बसून राहिले.

घोंगडं मागावरून उतरलं तेव्हा उन्हं कलली होती. मल्लम्मानं ते बाहेर आणून बाजेवर पसरलं. साहेबांनी काठ चिमटीत धरून ओढून पाहिला, उजेडाकडं धरला.

"किसने बुना?" त्यांनी वीरप्पांना विचारलं.

वीरप्पांनी घसा साफ केला. सिदू तिथंच उभा होता, ईरण्णाही होता.

"मल्लम्मानं," ते म्हणाले.

"तो फिर माग उसी का."

साहेब गेल्यावर ईरण्णा जवळ येऊन कौतुकाचं काहीतरी बोलला. मल्लम्मानं मान हलवली. ती ओसरीच्या पायरीवर टेकली. उमाबाई शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "झालं की गं मनासारखं. आता तरी हस."

"एका दिसाचं काम हुतं, उमाक्का," मल्लम्मा म्हणाली. "आन् सहा दिस म्या गप बसले. कुणी हात धरला नव्हता माझा. रीत हाय म्हटलं, आन् म्या बसले."

उमाबाईच्या हाताच्या बोटांना सुताचे वळ उठले होते. ती ते चोळत राहिली.

"म्या तर उभा जलम बसले," ती म्हणाली.