बिननावाचं पेन

नवऱ्याच्या हातात पेन ठेवताना सगुणाने अगदी भोळा चेहरा केला होता. "शेजारच्या नामानं मुंबैवरनं आनलंय. करनाऱ्याचं नाव न्हाय त्याच्यावर."

यात खोटं काहीच नव्हतं, फक्त अर्धंच होतं. पेन तिच्या धाकट्या भावाने, गुणाजीने, स्वतःच्या हाताने घडवलं होतं. तो शेती सोडून मुंबईला लेथवरचं कातकाम शिकायला गेला, तेव्हा रावजीने भर अंगणात सुनावलं होतं, "नांगर टाकून लाटणी कातनारा मेव्हणा मला नको. माझी पायरी चढू नको!" तेव्हापासून दर भाऊबीजेला सगुणा चंद्राला ओवाळत होती. भाऊ चांगला धडधाकट असताना चंद्राला ओवाळायचं! तिच्या जिवाला ते फार लागायचं. यंदा गुणा पाटावर बसलाच पाहिजे, असं तिने ठरवून टाकलं होतं.

रावजी गावच्या स्वदेशी मंडळाचा चिटणीस. घरात विलायती सुई येऊ देत नसे. पण हे पेन हातात आलं आणि गडी विरघळला. काळंभोर, गुळगुळीत, टोपणावर भाताची बारीक लोंबी कोरलेली. त्याने ते धोतरावर घासलं, हुंगलं, "कडक रबर हाय" म्हणाला. अलिबागला जाऊन दुकानदाराला दाखवलं. "साहेबाच्या कंपनीचं असतं तर नाव ठोकलेलं असतं," दुकानदार म्हणाला.

एवढ्यावर स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. मंडळाच्या सभेत रावजीने पेन उंच धरलं. "साहेबानं भाताची लोंबी बघितलीय का कधी? हा आपल्याच मानसाचा हात! तो गावला, तर वाजतगाजत गावात आनीन!"

कोंडाजी लगेच उठला. रावजीचं काही सुखाने चालू द्यायचं नाही, हे त्याचं व्रतच होतं. "मंग नाव सांग. दिवाळी सरेपातूर नाव न्हाय कळलं, तर विलायतीच समजायचं, आन पेन खाडीत."

रावजीने बोटीवरच्या तांडेलापासून कोर्टातल्या कारकुनापर्यंत सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. दिवाळी आली, तसं त्याचं जेवणावरचं मन उडालं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी सगुणा भात वाढता वाढता म्हणाली, "कुनी केलं ते मला ठावं हाय."

"कुनी?"

"आधी जेवा."

"सगुणे!"

"आपल्या गुणानं."

रावजीने पेनाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सगळा डाव त्याच्या ध्यानात आला. ओरडावं तर गावात आपलीच शोभा. गप्प बसावं तर पेन खाडीत.

"बोलाव त्याला," शेवटी तो पुटपुटला.

"उद्याच्या बोटीनं येतोय. मी कवाच निरोप धाडलाय."

दुसऱ्या दिवशी रेवसच्या धक्क्यावरून रावजीने मेव्हण्याला खरोखरच ताशा लावून आणलं. गुणाजी पाटावर बसला. ओवाळताना सगुणाच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. कोंडाजीही मुद्दाम येऊन बसला होता. त्याने पेन हातात घेऊन उलटसुलट फिरवलं.

"काय रं गुणा, समदं तूच केलंस व्हय? टोकासकट?"

गुणाजीला खोटं बोलणं लहानपणापासून जमत नसे. "न्हाय वो काका, टोक तेवढं विलाय—"

सगुणाने अख्खी करंजी त्याच्या तोंडात कोंबली. "खा रं बाबा, किती वाळलास!"

आणि रावजीने घाईघाईने दुसरी पुढे केली.