मैसच्या नावाआधीचा शब्द

नुझहाने भट्टीचं दार उघडून फरशी बाहेर काढली. फरशी तडकली नव्हती, निळा रंग झकास उतरला होता, ‘मैस, वय सहा’ ही अक्षरंही जागच्या जागी होती. पण नावाआधीचा ‘शहीदा’ हा शब्द गायब! तिथं नुसता पांढरा पट्टा.

कच्चा रंग सुरीने खरवडला की निघतो, एकदा भाजला की जन्माचा. चाळीस वर्षं फरश्या रंगवणाऱ्या बाईला हे काय कुणी सांगायला हवं? कुणीतरी सावकाश, नीट हात चालवून खरवडला होता. आणि इतका नीट हात अख्ख्या अक्का गावात एकीचाच.

ती, ब्रुरिया, कॉफीचे दोन पेले घेऊन आत आली. एक अरब आणि एक ज्यू बाई एकोणीस वर्षं एका टेबलावर फरश्या रंगवतात, म्हणून लोक लांबलांबून फोटो काढायला येत. यंदा गावच्या सभागृहात दोघींनी मिळून रंगवलेल्या फरश्यांची एक भिंत व्हायची होती. दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावं, शेजारी शेजारी.

“हे तू केलंस?”

“हो, मीच.” ब्रुरियाने पेले ठेवले. “आधी ऐकून तरी घे. तो शब्द वाचला ना, की आमच्या लोकांना बसमध्ये स्फोट करणारा दिसतो. कुणी फोटो टाकला असता तर दुसऱ्या दिवशी पोलीस तुझ्या दारात. शाळेतल्या त्या अरब बाईंना फोनवर टाकलेल्या एका ओळीपायी नेलंच ना? तुझ्यासाठीच केलं गं!”

“पिठाच्या रांगेत उभी असताना मारली गं पोर! अशा मरणाला आमच्यात तोच शब्द आहे. तिच्या आजीने सांगितला, मी लिहिला. तू कोण खोडणारी?”

“विचारायला हवं होतं. चुकलंच माझं.”

“आणि तुझ्या नदावच्या फरशीवर काय आहे?”

नदाव ब्रुरियाचा भाचा. त्याच्या नावापुढे तीन हिब्रू अक्षरं होती, त्यांचा अर्थ: देव त्याच्या रक्ताचा सूड घेवो. मारल्या गेलेल्याच्या नावापुढे ते लोक लिहितातच. ब्रुरियाला भाच्याचं नाव लिहवेना, म्हणून ती फरशी रंगवली होती नुझहाने. सूड कुणावर, तेही तिला कळत होतं. पण पोराच्या आईला ती अक्षरं हवी होती, मग हवी होती. नुझहाने ब्रसुद्धा काढला नाही. लोक म्हणतात, कला पूल बांधते. बांधते हो! पण त्या पुलावर झडती कुणाची होते, ते बघा की जरा.

तेवढ्यात फोन वाजला. सीमेपलीकडच्या खान युनिसमधल्या, बेघरांच्या तंबूतून विदाद, नुझहाची धाकटी बहीण, मैसची आजी. आठ दिवसांनी आज रेंज मिळाली होती.

“ताई, भाजून झाली का गं? दाखव ना. पोरीला ना कबर, ना दगड. तिचं नाव लिहिलेलं तेवढंच एक ठिकाण आहे.”

नुझहाने फरशी फोनसमोर धरली. विदादने पडद्याजवळ डोळे नेले.

“ताई, शब्द कुठाय?”

नुझहाने ब्रुरियाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. इतकी अरबी तिला समजत होती.

“भट्टीत उडाला गं,” नुझहा म्हणाली. “आगीत जातो कधी कधी रंग.”

“जाऊ दे,” विदाद म्हणाली. “तुझे हात तर भाजले नाहीत ना?”

आणि फोन कट झाला.

ब्रुरिया ढसाढसा रडायला लागली. “नवी करू या, आजच. शब्दासकट. मी स्वतः लिहिते.”

नुझहाने फरशी ओढणीत गुंडाळली. तिला रडूही येत नव्हतं, नुसती चीड येत होती, आणि तीही स्वतःचीच.

“तिने तुला शिव्याशाप देऊ नयेत, म्हणून मी माझ्या सख्ख्या बहिणीशी खोटं बोलले,” ती म्हणाली. “आता तुझं तोंड बघितलं की मला तेच आठवणार. भिंत तू एकटीच कर.”