खेळाची जागा

नारा शहरातल्या देवळाच्या लाकडी मनोऱ्याला मी रबरी हातोडीनं टोला दिला आणि तो झोपेत कूस बदलावी तसा किंचित हलला. थरथर धुक्यासारखी खांबांतून वर चढत गेली. खांबांना जोडलेल्या यंत्राच्या पडद्यावर उमटलेल्या तिच्या लाटांवरून कुठला सांधा किती घट्ट आहे, ते मी ताडत होते. तिसऱ्या मजल्याचे चारही सांधे सैल निघाले.

"कुसाकाबे आजोबा, तुमचे सांधे ढिले पडलेत," मी म्हाताऱ्या सुताराला म्हटलं.

"पडले नाहीत गं बाई, मीच तसे ठेवलेत. ती आसोबी आहे."

आमच्या जपानीत पोरांचा खेळही आसोबी आणि सांध्यातली मोकळी जागाही आसोबीच.

"माझ्या भूकंप-तपासणीच्या अहवालात खेळ चालत नाही," मी फणकारले. "पाचरी ठोका."

"ठोकतो की. आधी तुझा पडदा नीट बघ, शहाणे."

बघितला. तिसऱ्या मजल्यापर्यंत लाटा खवळलेल्या होत्या. त्याच्या वर मात्र त्या दमलेल्या पोरांसारख्या निजल्या होत्या. छपराच्या टोकाची घंटा किणकिणलीसुद्धा नव्हती.

आजोबांनी खिशातून पाचरी काढल्या आणि माझ्यापुढे हात पसरला. "दे हातोडी, ठोकतो."

मी हातोडी पाठीमागे लपवली.